लाल नाकाचं १५६, एन स्केलमध्ये

अमेरिकेतल्या अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीला २०११ मध्ये ४० वर्षं झाली, तेव्हा काही इंजिनांना जुने रंग परत दिले. त्यातल्या पी४२ या डिझेल इंजिनाचं, क्रमांक १५६ चं हे मॉडेल. एन स्केल म्हणजे प्रमाण १:१६०, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. लाल नाक, चंदेरी अंग, कडेला लाल-निळा बाण. रंग कुठेही ओघळलेला नाही.

मला खरा आनंद दिला तो नाकाने. मूळ इंजिनाचं नाक बोल्टांनी बसवलेलं असतं, धडकेत चेपलं तर तेवढंच बदलता यावं म्हणून. ती सांध्याची रेघही इथे दिसते! फाटकावर अशा इंजिनाला अपघात झाल्याचं कळलं की आधी माणसांची काळजी वाटते, आणि मग हा रंग पुन्हा दिसेल का याची.

चाल देखणी, अगदी सावकाश. कुळ्याहून दूधसागरचा घाट चढणाऱ्या मालगाडीसारखी. मडगावच्या पावसाळ्यात मात्र रुळांवर थर धरतो, गाडी अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की सुरळीत.

विक्रेत्याचं पॅकिंग वाईट. मागचा कपलर (डबे जोडायचा आकडा) तुटून आला, बदलून दिला नाही. मागवताना जादा कपलर सोबतच घ्या.