नेटवर्क केबल टेस्टर: दोनशेचा दिवेवाला की मायक्रोस्कॅनर?

दोन तुकड्यांचा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दिवेवाला टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. जळगाव-भुसावळकडे कॅमेरे बसवणाऱ्यांच्या पिशवीत बहुधा तोच असतो. तार तुटली का, उलटसुलट बसली का, एवढं तो चोख सांगतो. खिशात असावाच, पण कामाचा निवाडा त्याच्यावर सोडू नये.

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकत्र पिळलेल्या अशा चार जोड्या. तो तार टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का ते बघतो, जोडी बघत नाही. दोन्ही टोकांना जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने भरल्या तरी आठही दिवे क्रमाने लागतात. नियमाने मधली एक जोडी ३ आणि ६ वर हवी, दुसरी ४ आणि ५ वर. ती फुटली की पीळ निकामी होतो, एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो आणि गिगाबिट लिंक टिकत नाही. यालाच स्प्लिट पेअर म्हणतात.

फ्लूक कंपनीचा मायक्रोस्कॅनर २ हा महागडा टेस्टर ही चूक पकडतो. शिवाय ४५७ मीटरपर्यंत लांबी, तार कितव्या मीटरवर तुटली ते आणि पोर्टवर पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच जाणारी वीज, आहे का, हेही दाखवतो. जिनिंगमध्ये पाइपातून गेलेली केबल उंदराने कुरतडली, तर शिडी नेमकी कुठे लावायची हे कळणं, पैसे इथेच वसूल. लांबीचा आकडा मात्र केबलगणिक थोडा हलतो. त्याच बॉक्समधला मोजलेला ३० मीटरचा तुकडा लावून एनव्हीपी, म्हणजे केबलमधला सिग्नलचा वेग ज्यावरून लांबी काढली जाते तो आकडा, आधी जुळवून घ्यावा.

तरीही दोन गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. पहिली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. वायरमॅप, म्हणजे कोणती तार कुठे पोचते त्याचा नकाशा, स्वच्छ येतो, पण रात्री कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागले की करंट वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो. इथे साधा मल्टिमीटर सरस. १०० मीटरच्या लांब टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळून अलीकडे ओहम मोजा. २४ गेजच्या अस्सल तांब्याला १७ ते १९ येतात, मुलाम्याच्या केबलला २५ च्या वर. मे महिन्यात सावलीत मोजा, ४५ अंशांना तांब्याचाही आकडा दहाएक टक्क्यांनी फुगतो.

दुसरी गोष्ट उन्हाचीच. टीआयए या अमेरिकी संस्थेच्या केबल मानकाप्रमाणे २० अंशांना चालणारी ९० मीटरची केबल ६० अंशांना ७५ मीटरच धरायची. पत्र्याखालून नेलेली ८८ मीटर टेस्टरवर सकाळी पास होते आणि दुपारी रडवते. टेंडरला रिपोर्ट जोडायचा असेल तर फ्लूकच्या डीएसएक्ससारखं सर्टिफायर यंत्रच, म्हणजे केबल मानकात बसते का ते मोजून रिपोर्ट देणारं, लागतं. ते भाड्याने आणावं, विकत घेण्याच्या फंदात पडू नये.

दिवेवाल्या टेस्टरच्या आरजे४५ (नेटवर्क केबलच्या आठ पिनांच्या) खाचेत टेलिफोनचा छोटा आरजे११ कनेक्टर खुपसू नका. कडेच्या १ आणि ८ च्या पिना दबतात. नीट न दाबलेला कनेक्टरही तसाच घातक. दिवेवाला टेस्टर चालू पीओई पोर्टला लावला तर जळू शकतो. खात्रीची एक फुटी पॅच कॉर्ड सोबत असावी. केबल फेल दाखवली की आधी ती लावून बघा. तीही फेल आली तर दोष टेस्टरच्या खाचेत किंवा बॅटरीत आहे, भिंत फोडायची गरज नाही.