आवाज बंद करायचे पैसे

वडिलांची बुलेट, ८९ सालची, बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर. ती गेली अकरा वर्षं मी तासगावात चालवतो. माझं वजन अठ्ठावन्न किलो. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकाँप्रेसर (इंजिनात कोंडलेला दाब सोडणारी कळ) दाबून पिस्टन जरा पुढं न्यायचा आणि मग अंग टाकून किक मारायची, हे वडिलांनी शिकवलं म्हणून जमतं.

गेल्या पावसाळ्यानंतर इंजिनाची टकटक जरा जास्त ऐकू यायला लागली. नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता, म्हणून रस्त्यावरच्या नव्या गॅरेजात नेली. पोरगा बोलायला गोड. गाडी दहा किलोमीटर चालून तापलेली, तशीच स्टँडवर घेतली, सिलिंडरच्या खालचं टॅपेटचं (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारे भाग; त्यांची फट पान्यानं कमी-जास्त होते) झाकण काढलं, दोन पाने लावले आणि आवाज थांबेपर्यंत आवळत गेला. "बघा सर, कशी मशीनवानी झाली!" अडीचशे रुपये. मी खूश. दुसऱ्या दिवशी किकही हलकी लागली, तेव्हा तर अजून खूश झालो. किक हलकी झाली म्हणजे काँप्रेशन (सिलिंडरातला दाब) गळतंय, एवढं या अठ्ठावन्न किलोच्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांत गाडी सकाळी सुरू होईना. सायलेन्सरमध्ये फटाके. परत त्याच्याकडंच ढकलत नेली (हा माझा गाढवपणा). त्यानं नुसती किक दाबून पाहिली आणि मान हलवली. "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाय सर. हेड उतरवायला लागंल." एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, हेड म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग. तीन दिवस गाडी ठेवून घेतली. बिल पाच हजार चारशे: व्हॉल्व्ह, गाइड, सीट कटिंग, हेड गॅस्केट, मजुरी. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जळका व्हॉल्व्ह, "तुमचा जुना पार्ट, खात्री असावी म्हणून." गाडी सुरू झाली होती, मी पैसे दिले.

महिन्याभरानं जोतिबाच्या चढावर गाडीनं मान टाकली. पहिल्या गिअरवर कशीबशी वर गेलो आणि येताना थेट मिरजेला वडिलांच्या ओळखीच्या मिस्त्री चाचांकडं गेलो. त्यांनी गाडीला हात लावला नाही. रात्रभर थंड होऊ दे म्हणाले.

सकाळी त्यांनी आधी हेडचे नट बघितले. वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर, पान्याचा एक ओरखडा नाही. मी तिथंच नटांचे फोटो काढून घेतले. "मास्तर, हे हेड उघडलंच न्हाई की!" मग मी डिकीतला तो जळका व्हॉल्व्ह काढून दिला. चाचांनी डब्यातला बुलेटचा जुना व्हॉल्व्ह त्याच्याशेजारी ठेवला. माझ्या 'जुन्या पार्ट'ची दांडी बोटभर आखूड आणि बारीक. कुठल्या गाडीचा होता देव जाणे.

चाचांनी उलगडून सांगितलं ते असं. टॅपेट जास्त आवळलं की व्हॉल्व्ह सीटवर (तो टेकतो त्या कड्यावर) पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. तो टेकलाच नाही तर कड जळत जाते. पठ्ठ्यानं पहिल्यांदा आवळून रोग लावला आणि दुसऱ्यांदा नुसतं सैल करून पाच हजार घेतले. तोवर कड थोडी खाल्ली गेली होती, म्हणून चढावर दम गेला. नशीब, चाचांनी हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासण्यावर भागलं. पोर्टमध्ये (हेडमधल्या व्हॉल्व्हच्या वाटेत) पेट्रोल ओतून थेंब झिरपत नाही हेही मला दाखवलं.

टॅपेट मात्र माझ्या हातानं लावून घेतलं. इंजिन गार. प्लग काढून पिस्टन काँप्रेशनच्या वरच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग बोटांनी पुशरॉड (टॅपेटवरचे उभे दांडे) फिरवायचे. इनलेटचा (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा फिरून वर किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल इतका, हलला पाहिजे. चेकनट आवळला की माप सरकतं, म्हणून परत फिरवून बघायचं. हे बिडाच्या बुलेटचं. शंभर सीसीच्या गाड्यांना फीलर गेज लागतो आणि माप त्या गाडीच्या पुस्तकात असतं. पण गरम इंजिनावर कुणी पाना लावला तर तिथंच हात धरा. आणि हेड उतरवणार म्हणाला तर गाडी सोडण्याआधी नटांचे फोटो काढून ठेवा, उघडलेलं हेड समोर दाखव म्हणा.

पुढच्या रविवारी मी तो आखूड व्हॉल्व्ह घेऊन गॅरेजात गेलो. आधी "पोरानं चुकून दुसऱ्याचा पार्ट दिला" झालं, मग नटांचे फोटो दाखवल्यावर चहा आला, आणि शेवटी दीड हजार परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. वहीच्या पानावर कुठं भांडणार? निघताना गाडी सुरू केली. बारीक टकटक येत होती, चाचा म्हणाले होते तशीच.

तो दारातून ओरडला, "सर, आवाज येतोय की! टॅपेट आवळून देऊ का?"