एनएस-३ : संशोधनासाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी पीएच.डी.च्या कामासाठी एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर (संगणकांच्या जाळ्याची नक्कल चालवून पाहण्याचे साधन) जवळजवळ रोज वापरत आहे. पहिला शोधनिबंध मार्गदर्शकांच्या हाती सोपवून झाला असल्यामुळे आता त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल. मत आधीच सांगून टाकतो. साधन उत्तम आहे, विनामूल्य आहे आणि विश्वासार्हही आहे. मात्र आपण ज्या गोष्टी ठरवलेल्या नसतात त्या ते न बोलता स्वतः ठरवते, आणि त्या परस्पर ठरलेल्या मूल्यांचा निकालावर होणारा परिणाम कधीकधी आपण अभ्यासत असलेल्या प्रोटोकॉलच्या परिणामापेक्षाही मोठा असतो.

माझा विषय नाशिकमध्येच सापडलेला आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणारे असंख्य लहान कारखाने आहेत. त्यांतील अनेकांकडे एकाच ब्रॉडबँड लाइनवरून सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढत असते आणि त्याच लाइनवरून सीएनसी यंत्रांची माहितीही बाहेर जात असते. चित्रण चढू लागले की यंत्रांचे छोटे छोटे संदेश रखडतात. एका कारखान्याच्या मालकांचा प्रश्न अगदी सरळ होता : “सर, लाइन मोठी घेऊ, की राउटर बदलू?” संशोधनाच्या भाषेत हाच प्रश्न असा होतो की, विलंबाला टीसीपीचे (माहिती पॅकेटांतून पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलचे) कंजेशन कंट्रोल, म्हणजे गर्दी पाहून गती कमी-जास्त करण्याची रीत, अधिक जबाबदार आहे की राउटरमधील रांगेची व्यवस्था, आणि क्युबिक या रीतीऐवजी बीबीआर ही रीत वापरल्यास अथवा साध्या ड्रॉपटेल रांगेऐवजी (जी भरली की नवी पॅकेटे टाकून देते) एफक्यू-कोडेल (प्रवाह वेगळे ठेवून रांगेतील थांबणे आटोक्यात ठेवणारी व्यवस्था) लावल्यास नेमका किती फरक पडतो.

यासाठी एनएस-३ निवडण्यापूर्वी इतर पर्याय पाहिले होते. पॅकेट ट्रेसर शिकवण्यासाठी छान आहे. संशोधनासाठी त्याचा उपयोग नाही. ओमनेट++ मला मनापासून आवडला आणि त्याचा दृश्य भाग एनएस-३ पेक्षा कितीतरी पुढे आहे, पण टीसीपी आणि रांगांची जी प्रतिरूपे मला हवी होती ती एनएस-३ मध्ये अधिक परिपूर्ण वाटली. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजून कुठे कुठे एनएस-२ या जुन्या सिम्युलेटरच्या टीसीएल भाषेतील स्क्रिप्ट चालतात. त्याची शेवटची आवृत्ती २.३५ ही २०११ मधली आहे. एनएस-३ हा त्याचा पुढचा भाग नव्हे, हे नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगावे लागते. २००८ मध्ये पहिली आवृत्ती आलेला हा सिम्युलेटर सी++ मध्ये मुळापासून नव्याने लिहिलेला असून जुन्या स्क्रिप्ट त्यात चालत नाहीत.

बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उबंटूवर तो मुकाट्याने बसतो, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) लागते. २०२२ च्या ३.३६ या आवृत्तीपासून कंपाइल करण्यासाठी ‘वाफ’ या साधनाऐवजी सीमेक आले, त्यामुळे इंटरनेटवरील जुन्या धड्यांतील आज्ञा जशाच्या तशा चालत नाहीत एवढे लक्षात ठेवावे. आठ जीबी मेमरीच्या संगणकावर सर्व मॉड्यूल एकदम कंपाइल करण्याचा अट्टाहास करू नये. लागणारी तेवढीच निवडावीत. नेटअ‍ॅनिमची हलणारी चित्रे सादरीकरणाच्या दिवशी उपयोगी पडतात, एरवी नाही.

त्याचे खरे बळ पॅकेटच्या पातळीवर दिसते. प्रत्येक नोडवरील वाहतूक पीकॅप फाइलमध्ये उतरवता येते आणि ती फाइल वायरशार्कमध्ये (पॅकेटे उलगडून दाखवणाऱ्या साधनात) उघडली की एखाद्या खऱ्या जाळ्यावरून पकडल्यासारखी दिसते : तीन पायऱ्यांचा हस्तांदोलनाचा क्रम, विंडो स्केल, सॅक, पुनःप्रेषण, सगळे जागच्या जागी. (वायरशार्कमध्ये चेकसम, म्हणजे पॅकेटमधील चूक ओळखण्यासाठीची बेरीज, तपासणे चालू असेल तर पॅकेटे चुकीची ठरून लाल दिसतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. एनएस-३ वेळ वाचवण्यासाठी चेकसम मोजतच नाही, आणि हवे असल्यास ते एका ओळीत चालू करता येते.) कंजेशन विंडोचे, म्हणजे पोच येण्यापूर्वी किती माहिती वाटेत ठेवायची त्या मर्यादेचे, मूल्य ज्या क्षणी बदलते त्या क्षणी आपले फंक्शन बोलावले जावे अशी सोय आहे, आणि काळ नॅनोसेकंदांच्या पूर्णांकात मोजला जात असल्याने ‘हे आधी घडले की ते’ याविषयी वाद उरत नाही. खऱ्या राउटरच्या पोटात असे डोकावणे जवळपास अशक्य असते.

आता डिफॉल्ट, म्हणजे परस्पर ठरलेल्या, मूल्यांकडे येतो. टीसीपीच्या एका सेगमेंटचा (एका पॅकेटमधून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा) आकार एनएस-३ मध्ये, आपण काही न सांगितल्यास, ५३६ बाइट असतो. इथरनेटवर प्रत्यक्षात साधारण १४४८ बाइट जातात. हा फरक केवळ शीर्षकांच्या (हेडरच्या) ओझ्यापुरता राहत नाही. पॉइंट-टू-पॉइंट दुव्याची रांग मुळात १०० पॅकेटांची असते, बाइटांची नव्हे. दुवा १० एमबीपीएसचा असेल आणि पॅकेटे १५०० बाइटांची असतील तर भरलेली रांग रिकामी व्हायला १२० मिलिसेकंद लागतात. तीच पॅकेटे लहान सेगमेंटची असतील तर सुमारे ४६ मिलिसेकंद. म्हणजे ज्याने सेगमेंटचा आकार तसाच ठेवला त्याच्या आलेखात रांगेचा विलंब निम्म्याहूनही कमी दिसेल, आणि त्याचे श्रेय तो कदाचित स्वतःच्या नव्या अल्गोरिदमला देईल.

याहून फसवे प्रकरण बफरचे, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेचे. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा टीसीपी बफर मुळात १,३१,०७२ बाइटांचा असतो. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागणाऱ्या मार्गावर एका फेरीत यापेक्षा अधिक माहिती वाटेत असूच शकत नाही, त्यामुळे गती सुमारे १०.५ एमबीपीएसच्या वर जात नाही, मग मधला दुवा ५० चा असो की ५०० चा. अशा मांडणीत क्युबिक आणि बीबीआर यांची तुलना केली तर दोघांच्या रेषा एकमेकींवर अगदी चपखल बसतात, कारण दोघांनाही आपला स्वभाव दाखवायला जागाच मिळत नाही. रेषा इतक्या सुबक जुळलेल्या दिसल्या की संशय घ्यावा, हे या साधनाने मला शिकवलेले पहिले शहाणपण. खऱ्या लिनक्समध्ये बफर गरजेनुसार आपोआप वाढतो, त्यामुळे ही मर्यादा तिथे अशा रूपात आढळत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याशी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एनएस-३ मध्ये पॅकेट बाहेर पडताना दोन रांगांमधून जाते. वरची रांग ट्रॅफिक कंट्रोल थराची, जिथे एफक्यू-कोडेल, पाय, रेड इत्यादी शिस्ती लावता येतात; खालची रांग उपकरणाची स्वतःची, साधी आणि १०० पॅकेटांची. ही रचना लिनक्सवरूनच घेतलेली आहे आणि ती बरोबरच आहे. अडचण अशी की, अलीकडच्या आवृत्त्यांत आयपी पत्ता देताक्षणीच वरच्या थरात एफक्यू-कोडेल आपोआप बसते. ज्याला साध्या रांगेचा अभ्यास करायचा आहे त्याने ते मुद्दाम काढावे लागते, नाहीतर ‘ड्रॉपटेल विरुद्ध एफक्यू-कोडेल’ या तुलनेत दोन्ही बाजूंना एफक्यू-कोडेलच असते.

ते काढण्या-घालण्याची काळजी घेतली तरी दुसरा सापळा उरतोच. कोडेलचा (एफक्यू-कोडेलच्या गाभ्यातील रीतीचा) सारा विचार पॅकेट रांगेत किती वेळ थांबले यावर उभा आहे. ५ मिलिसेकंद हे लक्ष्य आणि १०० मिलिसेकंद हा कालावधी, ही मूल्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही आहेत. पण हा वेळ फक्त वरच्या रांगेत मोजला जातो. वरून सुटलेले पॅकेट खालच्या १०० पॅकेटांच्या मागे जाऊन उभे राहते आणि तिथे घालवलेले १२० मिलिसेकंद कोडेलच्या गावीही नसतात. यंत्राच्या छोट्या संदेशाला वर प्राधान्य मिळते खरे, पण तो खाली पुन्हा चित्रणाच्या पॅकेटांच्या मागेच अडकतो. ही रांग तशीच ठेवून मिळणारा आलेख म्हणतो की, एफक्यू-कोडेल लावून फारसा फायदा नाही. खालची रांग एका पॅकेटची केली की तीच मांडणी, त्याच दुव्यावर, यंत्राच्या संदेशाचा विलंब काही मिलिसेकंदांवर आणून ठेवते. लिनक्समध्ये यावर उपाय म्हणून बाइट क्यू लिमिट्सची (खालची रांग बाइटांत मोजून आपोआप आखूड ठेवणारी) सोय २०१२ मध्ये आली आणि एनएस-३ मध्येही तिचे प्रतिरूप आहे, पण ते आपण सांगितल्याशिवाय कामाला लागत नाही. हे सारे दस्तऐवजात लिहिलेले आहे. फक्त ते ट्रॅफिक कंट्रोलच्या प्रकरणात आहे, आणि टीसीपीचा अभ्यासक सहसा टीसीपीचे प्रकरण वाचून थांबतो.

यादृच्छिकतेबाबत एनएस-३ ची शिस्त मला फार आवडली. बीज (यादृच्छिक संख्यांची सुरुवात ठरवणारा अंक) आणि रन क्रमांक दोन्ही मुळात १ असतात, त्यामुळे तोच प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच येते. स्वतंत्र पुनरावृत्त्यांसाठी बीज तसेच ठेवून रन क्रमांक बदलायचा असतो. मात्र शुद्ध वायरच्या जाळ्यात, सर्व प्रवाह ठरावीक क्षणी सुरू होत असतील, तर रन क्रमांक बदलूनही काहीच बदलत नाही, कारण यादृच्छिक असे तिथे काही नसतेच. मग विश्वासार्हता-अंतराल शून्य रुंदीचा निघतो आणि परीक्षक भुवया उंचावतात. शिवाय अशा घड्याळी नियमिततेमुळे ठरावीक प्रवाहाचीच पॅकेटे वारंवार गळत राहण्याचा जो दोष उद्भवतो, तो सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिला होता. प्रवाहांच्या सुरुवातीच्या वेळा थोड्या विस्कटून देणे हा साधा उपाय पुरतो.

मोजमापासाठी बहुतेक जण फ्लोमॉनिटर वापरतात आणि ते सोयीचे आहेच. पण ते आयपी थरावर मोजते. शीर्षकांचे बाइट आणि पुन्हा पाठवलेली पॅकेटे त्यात धरली जातात, त्यामुळे उपयुक्त गती हवी असेल तर ती घेणाऱ्या ॲप्लिकेशनकडून घ्यावी. विलंबाच्या सरासरीवरही थांबू नये. कारखान्याच्या दृष्टीने सरासरीपेक्षा सर्वांत रखडलेले संदेश महत्त्वाचे असतात, आणि त्यासाठी लागणारे वारंवारता-वितरण त्याच एक्सएमएल फाइलमध्ये असते.

वेगाबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. १० एमबीपीएसचे चार-दोन प्रवाह चटकन उरकतात, पण १ जीबीपीएसच्या दुव्यावर सेकंदाला सुमारे ८३ हजार मोठी पॅकेटे जातात, प्रत्येक पॅकेटमागे अनेक घटना असतात आणि एक सिम्युलेशन साधारणपणे प्रोसेसरचा एकच गाभा वापरते. ऑप्टिमाइझ्ड पद्धतीने कंपाइल केल्यास वेग बराच वाढतो, परंतु लॉग आणि अंतर्गत तपासण्या बंद होतात. म्हणून मांडणी आधी डीबगमध्ये चालवून घ्यावी. चालू सिम्युलेशनची स्थिती जतन करून पुढे सुरू करण्याची सोय नाही. वळवाच्या दिवसांत वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली की रात्रभराचे काम गेले समजावे. यामुळे मी एक लांब सिम्युलेशन करण्याऐवजी पुष्कळ छोटी, वेगवेगळ्या रन क्रमांकांची सिम्युलेशने प्रयोगशाळेतील रिकाम्या संगणकांवर वाटून चालवतो. सांख्यिकीच्या दृष्टीनेही तेच बरे.

निकाल खरे किती, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांपैकी एकाला लिनक्स राउटर बनवून तीच मांडणी उभारली. वक्रांचे आकार जुळले, आकडे तंतोतंत जुळले नाहीत. नेटवर्क कार्ड अनेक सेगमेंट एकत्र बांधून पाठवते, तसे सिम्युलेटरमध्ये होत नाही. ती सोय बंद केल्यावर अंतर बरेच कमी झाले. मालकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्हीकडे एकच आले : त्यांच्या वापराला लाइन पुरेशी आहे, राउटरमधील रांग बदलावी. बीबीआरने विलंब कमी होतो, पण चित्रण पाठवणारे उपकरण तो वापरेल की नाही हे कारखान्याच्या हातात नसते. राउटर हातात असतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, ज्याच्याकडे सी++ चा सराव नाही आणि प्रकल्प सादर करायला महिनाही उरलेला नाही, त्याला मी एनएस-३ सुचवणार नाही. त्याने मिनिनेट घ्यावे, त्यात खरे लिनक्स कर्नल चालते आणि दिसते ते पटकन समजते. ज्याला शोधनिबंध लिहायचा आहे त्याने आवृत्तीचा क्रमांक, बदललेली आणि न बदललेली मूल्ये व रन क्रमांक परिशिष्टात द्यावेत. आमच्या मार्गदर्शकांनी तर त्याशिवाय मसुदा वाचायलाच नकार दिला, आणि ते योग्यच होते.

पुढचा टप्पा वायफायचा आहे आणि तिथे मी अजून सावध आहे. अंतरानुसार संकेत किती क्षीण होतो ते सांगणाऱ्या लॉग-डिस्टन्स प्रतिरूपातील एक मीटरवरचा ऱ्हास मुळात ४६.६७७७ डेसिबल धरलेला आहे, जो ५.१५ गिगाहर्ट्झसाठी आहे, २.४ गिगाहर्ट्झला तो सुमारे ४० हवा. घातांक ३ धरलेला आहे, पण लेथ, पत्र्याची कपाटे आणि लोखंडी सळ्यांच्या थप्प्या यांनी भरलेल्या शेडमध्ये तो किती असावा हे जागेवर मोजूनच ठरवावे लागेल. ते मोजमाप होईपर्यंत वायफायचा एकही आलेख प्रबंधात घालायचा नाही असे ठरवले आहे.