चेकआउटवरून परतलेली गिऱ्हाइकं आणि आठवण करणारं अॅप: गड्ड्याच्या यात्रेपासूनचा अनुभव

आमचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान, तोच माल ऑनलाइनही विकतो. नाव-पत्ता भरून ऐन पैसे भरताना गायब होणाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर आठवण करणारं एक अॅप संक्रांतीला भरणाऱ्या इथल्या गड्ड्याच्या यात्रेपासून वापरतोय. नाव मुद्दाम देत नाही.

काम करतं. लिंक दाबली की भरलेली कार्ट जशीच्या तशी उघडते. यूपीआय अडकल्यामुळे राहिलेल्यांना तासाभरात मेसेज गेला, तर त्यातले बरेच जण परत येतात. बाकीच्यांचं फार मनावर घेऊ नका. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड संस्थेने काढलेल्या सरासरीनुसार जगभरातच सुमारे 70 टक्के कार्ट अर्धवट सुटतात. पुष्कळ लोक नुसते बघायलाच येतात.

अॅपचा तयार मेसेज मात्र काढून टाका. त्यात थेट दहा टक्के सूट आहे. आमची जुनी गिऱ्हाइकं वस्ताद. कार्ट भरून कूपनची वाट बघत बसायची. आता एवढंच विचारतो: ‘नमस्कार, डबल बेडच्या चादरीबद्दल काही विचारायचं होतं का?’ उत्तरं येतात, रंग जातो का, धुतल्यावर आटते का, मरून रंग प्रत्यक्षात कसा दिसतो. बायको गच्चीवर उन्हात चादर उलगडून व्हिडिओ काढते, तो पाठवला की बहुतेक वेळा ऑर्डर पडते. शिवाय पहिल्या मेसेजचे पैसे लागतात, पण गिऱ्हाइकाने उत्तर दिलं की पुढचे 24 तास मोकळेपणानं बोलता येतं.

अॅप जे सांगत नाही ते कुरिअरचं. दोन किलोची चादर 40×30×15 सेंटीमीटरच्या खोक्यात घातली, की खोक्याचं घनफळ 5000 ने भागून वजन धरतात 3.6 किलो. त्या वजनाचा डिलिव्हरी खर्च शेवटच्या पानावर दिसला की माणूस पळणारच. आम्ही खोकं सोडून घट्ट पिशवी घेतली आणि डिलिव्हरीचा खर्च चादरीच्या फोटोखालीच लिहिला. त्यानंतर मेसेज पाठवायची वेळच कमी येते.

तक्रारी दोन. रात्री अकराला मेसेज जाऊ नये ही सोय महागड्या प्लॅनमध्येच आहे. आणि ‘परत मिळवलेली विक्री’ हा आकडा फुगवलेला: मेसेजनंतर चार दिवसांनी आपणहून आलेलाही त्यात धरतात. एक आठवडा मेसेज बंद ठेवून बघा, कळेल.

विजयपूर-कलबुर्गीकडच्या गिऱ्हाइकांसाठी कन्नड मेसेज स्वतःच लिहून व्हॉट्सअॅपकडून मंजूर करून घ्यावा लागला. अॅपला पाचपैकी साडेतीन गुण. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सर्वात लहान प्लॅन महिन्याच्या बोलीवर घ्या.