एअर रायफलच्या साइटचं 'लायसन्स' काढायच्या नादात 16,350 रुपये गेले

लिहू की नको असं चार वेळा झालं, कारण बँकेत एकवीस वर्षं काढलेला माणूस मी, काउंटरवर आलेल्या आजोबांना 'कुणाला ओटीपी देऊ नका' सांगणारा. पण कालच मुलीच्या क्लबमधल्या अजून एका पालकाला तसाच मेसेज आला, म्हणून लिहितोय.

मुलगी नववीत आहे, 10 मीटर एअर रायफल करते. 2024 ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हापासून डोक्यात बसलंय तिच्या. रायफल क्लबची, पण त्या रायफलची मागची साइट, म्हणजे डोळा लावून नेम धरायचा भाग (डायऑप्टर), ढिली झालेली, नेम सरकवायला क्लिक दिला की जागेवर राहायची नाही. आणि या इव्हेंटमधे टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, साखरेच्या दाण्याहून बारीक. तिचे कोच सर म्हणाले स्वतःची साइट असली तर बरं. नवीनची किंमत ऐकली आणि सेकंडहँड शोधायला लागलो, तिथेच माती खाल्ली.

सोशल मीडियावर एक पेज सापडलं. फोटो झकास, फोनवर बोलणारा मराठी, दादा दादा करणारा. 18,000 म्हणाला, 5,000 अ‍ॅडव्हान्स, मी पाठवले. वर म्हणतो, "दादा, ताईसाठी एक सायलेन्सर फ्री टाकतो, गॅलरीत प्रॅक्टिस केली तर शेजारी ओरडणार नाहीत." मी हो म्हणलो नाही, पण नको असंही म्हणलो नाही. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी रात्री पीडीएफ आली, 'अ‍ॅक्सेसरी ट्रान्सफर लायसन्स', फी 3,850. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मधे मुलीचं नाव आणि जन्मतारीख, जी मीच त्याला दिलेली. मला वाटलं बंदुकीचं काही असलं म्हणजे परवाना आलाच. सरांना विचारायला पाहिजे होतं, पण ते मुलांना घेऊन स्पर्धेला गेलेले, कशाला त्रास द्या म्हणून भरले. सकाळी परत मेसेज, 7,500 रिफंडेबल डिपॉझिट, ते मी कळवा स्टेशनला गाडी येता येता भरले, नीट वाचलं पण नाही.

अकराला वेगळ्या नंबरवरून हिंदीत फोन. तुमचं पार्सल भिवंडीच्या गोडाऊनमधे पकडलंय, आत सायलेन्सर आहे, पार्सल मुलीच्या नावावर आहे, आर्म्स अ‍ॅक्ट लागेल, 40,000 आत्ता भरा नाहीतर टीम घरी येते. हातपाय गार पडले. ऑफिसच्या टॉयलेटमधे उभा राहून मोबाईलवर शोधलं तर त्यातला कायदा खरा निघाला! 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या व्याख्येतच बंदुकीचा आवाज दाबणारी वस्तू 'फायरआर्म' मधे धरलीये. म्हणजे तो फ्री सायलेन्सर द्यायचा कधीच नव्हता, पहिल्या दिवशीच गळ टाकून ठेवलेला.

40,000 भरणारच होतो, पण तेवढे माझ्या खात्यात नव्हते म्हणून बायकोला फोन केला. तिने पीडीएफ मागवून घेतली आणि दोन मिनिटात म्हणाली, "अहो, आपण कळव्याला राहतो, म्हणजे ठाणे पोलीस. हा शिक्का नवी मुंबई आयुक्तालयाचा कसा? आणि 'शस्त्र' ला 'शस्र' लिहिलंय." कळव्याहून ऐरोलीकडे गेलं की आयुक्तालय बदलतं, ठाण्यात जन्म काढलेल्या मला दिसलं नाही, तिला दिसलं.

लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नंबर घेतला, मग पोलीस स्टेशनला गेलो. मी घाबरत घाबरत सायलेन्सरचं सांगितलं तर हवालदार म्हणाले, "पार्सलच नाहीये साहेब, पकडणार काय?" सकाळचे 7,500 त्याच्या खात्यात अडवले गेले, ते अजून परत मिळायचेत. आधीचे दोन्ही पैसे कधीच पुढे काढलेले.

सर परत आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरच्या (म्हणजे नळीचं भोक 0.177 इंच) आणि 20 ज्यूलच्या आतल्या (ज्यूल म्हणजे छर्‍याच्या जोराचं माप) एअर रायफलला परवानाच लागत नाही, मग तिच्या साइटला कुठला आलाय? आणि जिथे खरंच लागतो तिथे अर्ज आपण स्वतः करायचा, शहरात पोलीस आयुक्तांकडे, विकणाऱ्याच्या पर्सनल खात्यात कसली फी जात नसते. त्यांनी जुन्या साइटची स्प्रिंग बदलून आणली, 600 रुपये.

ते पेज आता दुसऱ्या नावाने चालू आहे. फोटो तेच. साइट धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं दिसेल, तोच तो.