फोंड्यातून घेतलेली बॅटरी

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला निघालो, तर वॅगनआर नुसती कट्-कट् करून गप्प. जुनी बॅटरी जेमतेम २ वर्षांची. स्वस्त म्हणून बनवल्याची तारीख न बघता घेतली होती.

गोव्यातल्या आमच्या फोंडा बाजाराजवळचे बॅटरीचे दुकानदार स्वतः घरी आले. विकायची घाई नाही, हे मला सगळ्यात भावलं. आधी मीटर लावला: ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून बघायचं यंत्र) लावल्यावर तर काटा पार खाली गेला. मग जंपर केबलने दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी सुरू केली आणि पुन्हा मोजलं, १४.१. "अल्टरनेटर बरो आसा, बॅटरीच गेल्या," म्हणाले. अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. हे न तपासता नवी बसवली असती आणि दोष अल्टरनेटरचा निघाला असता, तर तीही उतरलीच असती.

गाडीला लागते तेवढीच, ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ची घेतली. अंगावरचा तारखेचा शिक्का त्यांनी वाचून दाखवला. माल दोन महिन्यांपूर्वीचा. वॉरंटीतले किती महिने फुकट बदलून आणि किती महिने फक्त किमतीत सूट, हे कार्डावर वेगवेगळं लिहून घेतलं. जुनी परत दिली, तिचे पैसे बिलातून वजा झाले.

टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाणी आणि सोड्याने धुऊन वर व्हॅसलीन चोपडलं. आमच्या दमट हवेत हे हवंच. दोन पावसाळे झाले, पहिल्या चावीला सुरू होते.