लांबच्या प्रवासाला कुठली सायकल: टूरर, हायब्रिड, जुनी एमटीबी की काळी सायकल?

सायकलवरून लांब जायचं ठरलं की पहिला वाद रंगतो तो स्टील की ॲल्युमिनियम यावर. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. प्रवासात फ्रेम मोडल्याचं क्वचितच ऐकू येतं. मागच्या चाकाचे आरे तुटतात, ॲक्सल वाकतो, कॅरिअरचा बोल्ट गळून पडतो, आणि घाटात गिअर संपतात. म्हणून आधी मागचं चाक बघावं, मग सर्वांत हलका गिअर, मग कॅरिअर बसवायच्या जागा. फ्रेमचा धातू त्यानंतर.

हे सगळं गोव्यातून निघणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. कोणी तेरेखोल ओलांडून रेडी, शिरोडा, वेंगुर्ला करत मुंबईकडे जाईल, कोणी करमलच्या घाटाने काणकोण गाठून पुढे कारवार-गोकर्ण, तर कोणी साखळीहून चोर्ला चढून बेळगावमार्गे देशावर. सोबत पंधरा-वीस किलो सामान धरलं आहे. पर्याय चार: खास प्रवासासाठी बनवलेली टूरर, रेसिंग सायकल आणि एमटीबी यांच्या मधली हायब्रिड, घरात धूळ खात पडलेली 26 इंची एमटीबी (माउंटन बाइक), आणि आपली काळी सायकल.

मागचं चाक

स्वस्त गिअरच्या सायकलींना बहुधा सात गिअरचं फ्रीव्हील असतं. म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा असा संच, जो हबवर (चाकाच्या मध्यभागावर) आट्यांनी फिरवून बसवतात. त्यामुळे उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, हबच्या मध्याकडे सरकतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा दोनेक बोटं ॲक्सल आधाराशिवाय राहतो. एकट्या माणसाला तो पुरतो. मागे वीस किलो लादून खड्ड्यात आपटला की तिथेच वाकतो. दुसरा प्रकार कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या. तिच्या हबमध्ये हेच छर्रे पार बाहेरच्या टोकाशी असतात, म्हणून ॲक्सल टिकतो.

दुकानात हे ओळखणं सोपं आहे. सायकल उभी करून मागच्या दातेरी चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि सर्वांत लहान चकतीच्या आतली, पान्यासाठी खाचा असलेली कडी बघा. ती चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. लांबच्या प्रवासासाठी आठ किंवा नऊ गिअरची कॅसेट घ्या. त्यांच्या चेनही अकरा-बारा गिअरच्या चेनपेक्षा स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या.

आरे 36 असतील तर उत्तम, 32 चालतील. त्याहून कमी नकोत, माणूस कितीही हलका असो. आकड्याइतकाच ताणही महत्त्वाचा. एकाच बाजूचे शेजारशेजारचे दोन आरे चिमटीत दाबत चाकभर फिरा. एक ताठ आणि एक ढिला लागला तर ते चाक मशिनवर घाईत बांधलेलं आहे, दिसायला कितीही सरळ फिरो. चांगल्या कारागिराकडून सगळे आरे एकसारखे ताणून घ्या, चाकाचा आऊट काढून घ्या. सायकलवर करता येणारा याहून फायद्याचा खर्च मला माहीत नाही. आरा तुटतो तो बहुतेकदा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, हबजवळच्या वाकात. तो बदलायला कॅसेट काढावी लागते आणि तिचा पाना प्रत्येक गावात असेलच असं नाही. पाना आणि त्याच मापाचे तीन-चार आरे सोबत ठेवा. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या 2004 पासूनच्या टूररवर जादा आरे अडकवायची जागा फ्रेमवरच दिलेली होती. बनवणाऱ्याला प्रवास कळतो तो असा.

पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल एकदा नीट बघा. कॅरिअरचे पाय जाड सळीचे आणि थेट मागच्या ॲक्सलच्या नटाशी आवळलेले असतात, म्हणजे टोपलीचा भार सरळ चाकाच्या मध्यावर उतरतो. आपल्या सायकलवरही कॅरिअरचा पाय ॲक्सलजवळच्या आट्याच्या भोकात बसला पाहिजे. सीटच्या नळीला नुसतं चिमट्याने धरणारं कॅरिअर सामानासाठी नव्हेच.

घाटातला हिशेब

पुढे 22 दातांची चक्री आणि मागे 34 दातांची, हा टूररला शोभणारा सर्वांत हलका गिअर. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 1.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी 5 किलोमीटर. रेसिंग धाटणीच्या सायकलवर हलका गिअर अनेकदा 34 आणि 32 दातांचा, म्हणजे एका फेरीत सव्वादोन मीटर, तितक्याच फेऱ्यांना ताशी 8 किलोमीटर.

आता माणूस, सायकल आणि सामान मिळून 110 किलो धरा आणि शंभर मीटरला सहा मीटर असा चढ. ताशी 5 ने चढताना नुसत्या चढाला लागतात सुमारे 90 वॅट, ताशी 8 ने जवळपास 145. चोर्ल्याचा रस्ता सुमारे 800 मीटर उंचीपर्यंत जातो, म्हणजे हे काम पाच मिनिटांचं नाही. 90 वॅटवर गप्पा मारत चढता येतं. 145 वॅट तासभर ओढणं सराव नसलेल्याला झेपत नाही, गुडघे आधी बोलायला लागतात. याच 110 किलोंत फ्रेम दोन किलोंनी हलकी घेतली तर फरक पडतो दोन टक्क्यांहूनही कमी. वजन कमी करायला लोक भरमसाट पैसे ओततात आणि गिअर बघत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

किनाऱ्याने जाणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. कोकणातला किनारी रस्ता सपाट नाही. खाडीपर्यंत उतार, पूल किंवा फेरी, आणि लगेच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खडा चढ. दिवसभर हेच.

कोण कुठे बसतं

काळ्या सायकलबद्दल मला फार आदर आहे. 1923 साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेही त्या काळच्या साध्या सायकलींवर. या सायकलीचा टायर-ट्यूब खेड्यापाड्यांत मिळतो आणि तिचा कारागीरही. पण पोलादी रिंग ओली झाली की तिचे रबरी ब्रेक जवळपास धरतच नाहीत. सामान लादून पावसात घाट उतरायला ही सायकल धोक्याची आहे, इथे माझं मत ठाम आहे. सासष्टीच्या सपाट रस्त्यांवर दोन दिवस भटकायला मात्र खुशाल न्या.

जुनी एमटीबी गिअरची असेल तर पैसे वाचवणाऱ्यासाठी सोनं आहे. तिला 22 किंवा 24 दातांची लहान चक्री बहुधा असते आणि 26 इंची टायर-ट्यूब देशभर मिळतात. पुढचा स्प्रिंगवाला फोर्क काढून साधा, कडक फोर्क टाका, खाचांचे टायर काढून गुळगुळीत टाका, मागचं चाक वर सांगितल्याप्रमाणे तपासा. एकच अडचण: मागची नळी आखूड असल्याने पेडल मारताना टाच पिशवीला घासते. पाय मोठा असेल तर पिशवी मागे सरकवता येणारं कॅरिअर शोधावं लागेल.

हायब्रिड घेताना दिखाव्याला भुलू नका. स्वस्त शॉकअप फोर्क म्हणजे वाढीव वजन, आणि पुढे पिशव्या लावायची सोयही जाते. कडक फोर्क, कॅसेटचं हब, 38 ते 42 मिलिमीटर टायरला जागा, मडगार्ड-कॅरिअरचे आटे, पुढे तीन चक्र्या: एवढं असेल तर ती सायकल देश पालथा घालेल. हायब्रिडच्या चाकाचं माप 700सी आणि एमटीबीचं 29 इंच, या दोन्हींच्या रिंगचा व्यास एकच, 622 मिलिमीटर. त्यामुळे वाटेत अडल्यास 29 इंची एमटीबीची ट्यूब जरा रुंद टायरात बसते.

टूररची गोष्ट निराळी. ट्रेकने 520 हे मॉडेल 1983 मध्ये आणलं आणि साचा पुढे फारसा बदलला नाही: स्टीलची फ्रेम, लांब चाकांतर, रुंद टायर, पुढेमागे कॅरिअर. लाँग हॉल ट्रकरमध्ये पेडलच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर 460 मिलिमीटर, रेसिंग सायकलीत ते 410 च्या आसपास. या पाच सेंटिमीटरांत टाच मोकळी राहते आणि सामान मागच्या ॲक्सलच्या पुढे येतं. रिकामी चालवाल तर सुस्त वाटेल. चारही पिशव्या भरून उतारावर सोडा, हँडल थरथरत नाही. ही खात्री विकत घ्यायची तर टूररच घ्यावी लागते. ती बहुधा मागवून घ्यावी लागते आणि महाग पडते, तेवढ्यात उत्तम हायब्रिड आणि हाताने बांधलेलं चाक येऊन प्रवासखर्चही निघतो.

मग स्टील की ॲल्युमिनियम?

स्टील कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळतं, असं सांगतात. अर्धंच खरं. चांगल्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलच्या) नळीची जाडी मध्ये एक मिलिमीटरहून कमी असते आणि गेट-ग्रिल जोडणारा वेल्डर ती जाळून भोक पाडू शकतो. जपून केलं तर पुढच्या शहरापर्यंत नेणारा जोड मिळतो, हे मात्र खरं. ॲल्युमिनियमला तेही नाही, जोडल्यावर त्याची ताकद परत आणायला भट्टीतली प्रक्रिया लागते.

पण आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. स्टील आतून गंजतं आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. नवी फ्रेम आणल्यावर नळ्यांत गंजरोधक तेल सोडा, तळाचं निचऱ्याचं भोक मोकळं ठेवा. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण त्यातले पोलादी बोल्ट खाऱ्या हवेत असे धरतात की फिरवताना तुटतात. दोन्हीकडे उपाय एकच: प्रत्येक बोल्ट आणि सीटपोस्ट ग्रीस लावून बसवा, दरवर्षी काढून परत लावा. चामड्याची सीट आवडत असेल तर पावसाळ्यात ती घरात, हवेशीर ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

ब्रेकमध्ये मी केबलवर चालणारी डिस्क निवडेन. तांबड्या मातीचा चिखल रिंगवर घासून रबर आणि रिंग दोन्ही खातो, डिस्क त्यापासून दूर असते. तेलाची डिस्क बोटाला हलकी लागते, पण शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. स्कूटरच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल त्यात घातलं तर आतले रबरी सील फुगून निकामी होतात.

आठवडा-पंधरवड्याच्या सफरी करणाऱ्यांनी कडक फोर्कची हायब्रिड घ्यावी, वाचलेले पैसे मागच्या चाकावर लावावेत. घरात धड एमटीबी असेल तर काहीच विकत घेऊ नये, तिच्यावर पहिली सफर करावी. महिनोन्‌महिने, चार पिशव्या लावून, देशाबाहेर जायचं पक्कं असेल तर टूरर, आणि ती आपल्याच मापाची मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवून.

पैसे देण्याआधी एक चाचणी मागा. मागे दोन पिशव्या लावून प्रत्येकीत एक लिटरच्या पाण्याच्या दहा-दहा बाटल्या भरा आणि पणजीत असाल तर अल्तिनोचा चढ बसूनच चढा, उतरताना मध्ये थांबून ब्रेक तपासा. टाच कुठे घासते, गिअर कुठे कमी पडतो, मागचं चाक कुरकुरतं का, हे त्या एका फेरीत कळतं. दुकानदार सामान लादून चालवू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.